त्या बाईचा चेहरा कुठे गेला?

गेल्या अंकात मी जुन्या अमेरिकी कार्टूनआधी हल्ली त्यांतल्या वांशिक पूर्वग्रहांबद्दलची जी सूचना झळकते तिच्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्याच विषयाला दिलं आहे. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते, की मी बावीस वर्षं डबिंगच्या खोलीत काढली. आधी आवाज दिले, मग संवाद लिहू लागले. दहा सेकंदांचा एकच तुकडा तीस-चाळीस वेळा बघायचा, हे आमचं रोजचं काम. त्यामुळे घरी बसून बघणाऱ्याच्या नजरेतून जे निसटतं ते आमच्या डोळ्यांत रुतून बसतं. उत्तरं त्या सवयीतूनच देते आहे.

ताई, माझा सात वर्षांचा मुलगा ‘टॉम अँड जेरी’चा वेडा आहे. जुन्या भागांत झाडू घेऊन धावत येणारी एक जाडी बाई असते, तिचे नुसते पाय दिसतात. परवा त्यानं विचारलं, “आई, हिला तोंड का नाही?” पुढे सुरुंग फुटला, टॉमचा चेहरा काळा झाला, ओठ मोठे झाले, तर हा खदखदून हसला. लहानपणी मीही हसायचे. सुरुवातीला सूचना आली होती, ती मी पुढे ढकलली होती. आता मनाला लागून राहिलंय. हे दाखवणं बंद करू का? (एक आई)

बंद करू नका. पुढच्या वेळी मात्र ती सूचना पुढे ढकलू नका, मोठ्यानं वाचून दाखवा. तिचं सार एवढंच आहे: या चित्रांतले पूर्वग्रह तेव्हाही चूक होते, आजही चूक आहेत, पण ते कापून टाकले तर असं काही नव्हतंच असं म्हटल्यासारखं होईल. लिहिणाऱ्यानं नेमकं लिहिलंय.

आता तुमच्या मुलाच्या प्रश्नाकडे येते, कारण आलेल्या सगळ्या पत्रांत तो मला सगळ्यात चांगला वाटला. टॉम आणि जेरी ही जोडी विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० साली एमजीएम स्टुडिओत उभी केली. ती बाई पहिल्या भागापासून आहे. ‘मॅमी टू शूज’ या नावानं ती ओळखली जाते, म्हणजे नावातसुद्धा पायच. चेहरा न दाखवण्याचं एक साधं कारण होतं. गोष्ट मांजराच्या आणि उंदराच्या उंचीवरून दिसते, आणि तिथून माणूस म्हणजे पायच. हे कारण खोटं नाही. पण हे पाय कोणाचे हे प्रेक्षकाला एका क्षणात कळावं म्हणून काय काय काढलंय ते बघा. घोट्याशी गोळा झालेले मोजे, सपाता, एप्रन, काळे जाड हात, त्यात झाडू. ‘मॅमी’ हा साचा अमेरिकेत गुलामगिरीच्या काळापासून चालत आला होता: अंगानं भरलेली, तोंडानं फटकळ, मालकाच्या घरासाठी राबणारी काळी बाई, जिला स्वतःचं घरदार असल्याचं कधी दिसत नाही. साचा इतका ओळखीचा होता की चेहऱ्याची गरजच पडली नाही.

इथे मला माझं एक सांगायचं आहे. अशाच एका जुन्या कार्टूनमधल्या, चेहरा न दिसणाऱ्या मोलकरणीला मी आवाज दिला आहे. डबिंगमध्ये खरी कसोटी असते ती ओठ बसवायची. मूळ पात्राचं तोंड जिथे मिटतं तिथेच आपलं वाक्य मिटलं पाहिजे, त्यासाठी शब्द कापायचे, ओढायचे, बदलायचे. हिला ओठच नाहीत म्हटल्यावर मला हायसं वाटलं होतं. दिग्दर्शक म्हणाले, “जरा अडाणी बोल, कामवाली वाटली पाहिजे.” मी घसा खाली नेला, शब्द वेडेवाकडे केले आणि दुसऱ्याच टेकला मोकळी झाले. सगळ्यांनी वाहवा केली. कानात मूळ ट्रॅक चालूच होता. त्या अभिनेत्रीच्या आवाजात वैताग होता, चाणाक्षपणा होता, वाक्य कुठे तोडायचं याची अचूक जाण होती. त्यातलं काहीही मी घेतलं नाही. मी फक्त ‘कामवाली’ घेतली. बरीच वर्षं गेल्यावर तो तुकडा पुन्हा कानावर पडला तेव्हा मला माझीच लाज वाटली, आणि आजही वाटते.

टॉम आणि जेरीतल्या बाईचा मूळ आवाज लिलियन रँडॉल्फ यांचा. रेडिओवरची नावाजलेली अभिनेत्री, आणि तिथेही वर्षानुवर्षं वाट्याला आलेली भूमिका मोलकरणीचीच.

१९५० सालचा एक भाग मिळाला तर शोधून बघा. शनिवारची संध्याकाळ आहे. ही बाई नटूनथटून, दागिने घालून मैत्रिणींबरोबर पत्ते खेळायला निघते. मागे टॉम आपल्या मित्रांना बोलावून घर डोक्यावर घेतो. तिला फोन येतो आणि ती तरातरा घराकडे धावत सुटते. ती धावत अगदी आपल्या अंगावर येते, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तिचा चेहरा दिसून जातो. मी तो तुकडा थांबवून थांबवून पाहिला आहे. इतक्या वर्षांत तिला एक शनिवार मिळाला, मैत्रिणी मिळाल्या, पत्त्यांचा डाव मिळाला, आणि चेहराही दिसला तो याच भागात. तेव्हापासून कोणतंही जुनं पात्र बघताना मी एकच विचारते: बाकीच्यांना याची गरज नसते तेव्हा हा माणूस काय करतो? याला स्वतःची संध्याकाळ आहे का?

१९६०च्या दशकात हे भाग टीव्हीवर आले तेव्हा काहींत तिला पुसून गोऱ्या, सडपातळ बाईचे पाय काढले गेले आणि आवाज आयरिश ढंगाचा केला गेला. शनिवारच्या त्या भागात तर तिच्या जागी नाचायला निघालेली गोरी तरुणी आली. पुढे १९९०च्या दशकात चित्र मूळचं ठेवून थिया व्हिडेल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीकडून आवाज नव्यानं घेतला. पाय बदलले, आवाज दोनदा बदलला, चेहरा कोणीच दिला नाही.

सुरुंगाचं निराळं. १८३०च्या सुमारास थॉमस राइस नावाचा गोरा नट चेहऱ्याला काळं फासून ‘जिम क्रो’ हे काळ्या माणसाचं सोंग नाचून दाखवू लागला. त्यातून ‘मिन्स्ट्रल शो’ निघाले: जळक्या बुचाची काजळी तोंडाला, ओठ रंगानं वाढवलेले, हातात पांढरे मोजे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ही करमणूक अफाट लोकप्रिय होती. कार्टून काढणारी पहिली पिढी त्याच रंगभूमीच्या सावलीत वाढली. (जुन्या कार्टून-प्राण्यांचे पांढरे हातमोजेसुद्धा तिथूनच आले असं काही अभ्यासक मानतात. काळ्या अंगावर काळे हात दिसावेत कसे, ही चित्रकाराची अडचणही त्यात होती.) म्हणून सुरुंग फुटल्यावर टॉमच्या तोंडावर नुसती काजळी येत नाही, ओठ फुगतात, डोक्यावर रिबिनी बांधलेले झुपके उभे राहतात. १९४०च्या दशकात थिएटरात बसलेल्याला ते सोंग तत्काळ कळायचं. तुमच्या मुलानं ते सोंग कधी पाहिलेलंच नाही. तो हसला सुरुंगाला. तेव्हा त्याच्या हसण्यात खोट नाही, आणि तुमच्याही नव्हती.

सात वर्षांच्या मुलाला एवढं सांगितलं तरी पुरे: “पूर्वी काही गोरे लोक तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची टर उडवायचे. हे चित्र त्याचं आहे.” आणि त्या बाईसाठी त्याच्या हातात कागद-पेन्सिल द्या. तिचं तोंड त्यानं काढावं. जमलं तर मला पाठवा.

मी ७१ वर्षांचा आहे. ‘लोन रेंजर’वर आमची पिढी पोसली. तो काळच तसा होता, तेव्हा कोणालाही काही खटकत नव्हतं. आजचा चष्मा लावून कालच्या कलाकारांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला पटत नाही. आपलं मत कळवावं. (एक निवृत्त शिक्षक)

सर, कलाकारांना पिंजऱ्यात उभं करू नये हे मला पटतं. पण ‘कोणालाही खटकत नव्हतं’ हे मात्र खरं नाही, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

‘एमॉस अँड अँडी’ ही मालिका १९२८ पासून रेडिओवर होती. काळ्या पात्रांचे आवाज दोन गोरे नट काढायचे. १९५१च्या जूनमध्ये ती सीबीएस या टीव्ही वाहिनीवर आली, तेव्हा पडद्यावर दिसणार म्हणून काळे कलाकार घेतले: एल्विन चिल्ड्रेस, स्पेन्सर विल्यम्स, टिम मूर. एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ पासून लढणारी संघटना. तिनं त्याच उन्हाळ्यात मालिका बंद करण्याची मागणी केली, आणि आक्षेप मोघम नव्हते, मुद्देसूद होते. यातलं प्रत्येक पात्र एकतर विदूषक आहे नाहीतर लबाड. काळा डॉक्टर दाखवला तो भोंदू, काळा वकील दाखवला तो भित्रा आणि बेइमान. आणि ज्या लाखो गोऱ्यांचा काळ्या माणसाशी रोजचा संबंधच येत नाही, ते यावरूनच मत बनवणार. हे सगळं १९५१ सालीच लिहून झालेलं आहे. नवे भाग १९५३ साली थांबले, जुने मात्र पुन्हा पुन्हा दाखवले जात होते. ते १९६६ साली मागे घेतले गेले. खटकणारे पहिल्या दिवसापासून होते. ज्यांच्या हातात बटण होतं त्यांना ऐकू यायला पंधरा वर्षं लागली.

याची दुसरी बाजूही सांगते, कारण ती मला सुखानं झोपू देत नाही. काळ्या प्रेक्षकांतही ही मालिका आवडीनं बघणारे होते. त्यातले नट पट्टीचे होते. मालिका बंद झाली तेव्हा चिल्ड्रेस यांच्यासारख्यांना पुढे फारशी कामं मिळाली नाहीत. वाईट भूमिका गेली, पण तिच्या जागी चांगली आली नाही. त्यात चूक आक्षेप घेणाऱ्यांची होती असं मी म्हणणार नाही. चूक होती दोनच दारं ठेवणाऱ्यांची: हेच करा, नाहीतर घरी बसा.

तुमच्या ‘लोन रेंजर’मध्येही तेच आहे. १९४९ ते १९५७ या काळात टीव्हीवर टोंटोची, म्हणजे नायकाच्या मूळनिवासी साथीदाराची, भूमिका जे सिल्व्हरहील्स यांनी केली. ते कॅनडातल्या ओंटारिओमधल्या सिक्स नेशन्स वसाहतीतले, मोहॉक जमातीचे. लॅक्रॉसचे निष्णात खेळाडू, मुष्टियुद्धही खेळलेले. इंग्रजी उत्तम. पण पडद्यावर त्यांनी आठ वर्षं मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचं, क्रियापद जागच्या जागी येऊ द्यायचं नाही. माझ्या धंद्यातलं माणूस हे ऐकतं तेव्हा पोटात कालवतं. ज्याला भाषा येते त्याला ती येत नसल्यासारखं बोलायला लावणं फार अवघड असतं, आणि ते त्यांनी इतकं सफाईनं केलं की लोकांना वाटलं, हे असेच बोलतात. १९६०च्या दशकात याच सिल्व्हरहील्स यांनी लॉस एंजेलिसमध्ये इंडियन ॲक्टर्स वर्कशॉप काढलं, मूळनिवासी कलाकारांना अभिनयाचं शिक्षण मिळावं म्हणून. हॉलिवुडच्या पदपथावर १९७९ साली त्यांच्या नावाचा तारा लागला. तुम्ही शिक्षक आहात सर, म्हणून सांगते. ‘लोन रेंजर’ जरूर आठवा, पण टोंटोबरोबर त्या वर्कशॉपचीही आठवण ठेवा. त्या माणसाला काय खटकत होतं ते तिथे दिसतं.

ताई, मी इथे अमेरिकेत शिकायला आहे. ‘सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेतला भारतीय दुकानदार अपू मला आवडतो. तो हुशार आहे, मेहनती आहे. तरी वर्गातला एक मुलगा माझी पाठ थोपटून अपूचं ठरलेलं “थँक यू, कम अगेन” म्हणाला तेव्हा अंगावर काटा आला. मी उगाच हळवी होतेय का? (एक विद्यार्थिनी)

तू हळवी होत नाहीयेस. तो अपूबद्दल बोलत नव्हता, तुझ्याबद्दल बोलत होता, आणि तुझ्याबद्दल त्याला एवढंच माहीत होतं.

अपूच्या आधीचं थोडं सांगते. १९६४ साली ‘जॉनी क्वेस्ट’ नावाची कार्टून मालिका आली. त्यात हाजी नावाचा कोलकात्याचा अनाथ मुलगा होता, डोक्याला फेटा, आणि ‘सिम सिम सालाबिम’ म्हणत जादू करणारा. शास्त्रज्ञ डॉ. क्वेस्ट त्याला दत्तक घेतात. मुलगा शूर, शहाणा, नायकाच्या बरोबरीचा, भावासारखा. पण भारतातून आलाय म्हटल्यावर मंतर टाकता आलाच पाहिजे! मला हाजी आवडायचा, अजूनही आवडतो, आणि तो मंतर ऐकून अजूनही दात शिवशिवतात. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं. तुझं अपूबद्दल तेच होतंय.

अपू १९९० साली आला. खरं तर जुन्या साच्यांपेक्षा त्याला कितीतरी जास्त मिळालं. संगणकशास्त्रातली डॉक्टरेट, लग्न, मुलं, भाऊ. त्याला संध्याकाळ आहे, चांगली भरलेली आहे. अडचण घशाची आहे. त्याचा आवाज काढायचे हँक अझारिया, गोरे अमेरिकी नट. त्या आवाजामागे, त्यांनी स्वतःच सांगितल्याप्रमाणे, पीटर सेलर्स यांनी १९६८च्या एका चित्रपटात केलेला भारतीय होता, म्हणजे तोंडाला तपकिरी रंग लावलेला इंग्रज नट. नकलेची नक्कल. मी आवाजाचं काम केलंय म्हणून सांगते, माणसाचा हेल उचलणं वेगळं आणि त्या हेलाचीच विनोदाची ओळ करणं वेगळं. अपू दुधाची पिशवी देताना, प्रेमात पडताना, रडताना त्याच हेलात बोलतो, आणि प्रत्येक वेळी हशा हेलालाच येतो. तो काय बोलला ते त्याखाली दबून जातं.

शिवाय त्या काळी अमेरिकी टीव्हीवर दुसरा भारतीय शोधून सापडत नव्हता. शंभर भारतीय पात्रं असती तर त्यातला एक अपू चालून गेला असता. एकच असला की तो सगळ्यांचं ओळखपत्र होऊन बसतो.

न्यूयॉर्कमध्ये वाढलेला विनोदवीर हरी कोंडाबोलू यानं २०१७ साली यावर माहितीपट केला. मालिकेनं २०१८ मध्ये दिलेलं उत्तर मला फार लागलं होतं. लिसाच्या तोंडी वाक्य घातलं, की जे पूर्वी लोकांनी डोक्यावर घेतलं ते आता खटकतं म्हणतात, मग करायचं काय? बाजूला अपूचा फोटो. आणि हे कोणाच्या तोंडी? लिसाच्या, जी त्या घरात सगळ्यांची बाजू घेऊन भांडते! अझारिया यांचं मला कौतुक वाटतं. २०२० साली त्यांनी तो आवाज सोडला, पुढच्या वर्षी जाहीर माफी मागितली. २०२०च्या जूनमध्ये मालिकेनंही जाहीर केलं, की इतर वर्णांच्या पात्रांचे आवाज यापुढे गोरे कलाकार काढणार नाहीत.

त्या मुलाला काय म्हणायचं हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते. “हा आवाज कोणी काढायचा, माहितेय तुला?” एवढं शांतपणे विचार. त्याला माहीत नसेल. मग तू सांग.

स्पीडी गोन्झालेससारख्या उंदरालाही वंशद्वेषी ठरवून बंद केलं होतं म्हणे. स्वतः मेक्सिकन लोकांना तो आवडतो, मग दुसऱ्यांनी त्यांच्या वतीनं का रडायचं? (एक वाचक)

या एका बाबतीत मी तुमच्या बाजूची आहे. १९९९च्या सुमारास कार्टून नेटवर्कनं अमेरिकेत त्याचे भाग कपाटात ठेवले, आणि परत आणा म्हणून आग्रह धरणाऱ्यांत लॅटिन अमेरिकी नागरिकांची मोठी संघटनाच पुढे होती. २००२ साली तो परत आला. त्याचं कारण मला तरी उघड दिसतं. स्पीडी जिंकतो. मांजराला नाकी नऊ आणतो, गावाला चीज मिळवून देतो. पण त्याच्या आजूबाजूचे उंदीर बघा. ते झोपलेले, झिंगलेले, भिंतीला टेकलेले. एकाला पळतं केलं आणि बाकी गावाला आळशी ठेवलं. आवडायचा तो एकटा आवडतो, आणि तो आवडू द्यावा.

आमच्या घरी ‘माइंड युवर लँग्वेज’ सगळे मिळून बघायचो. त्यातले भारतीय, पाकिस्तानी पाहून आमचीच हसून मुरकुंडी वळायची. ज्यांची चेष्टा तेच हसले तर मग तक्रार कुणाची? (एक वाचक)

तुम्ही हसलात ते स्वतःच्या घरात, आपल्या माणसांत बसून. ती मालिका १९७७ साली ब्रिटनच्या आयटीव्हीवर सुरू झाली, लंडनमधल्या इंग्रजीच्या संध्याकाळच्या वर्गावर. तेव्हा लंडनच्या शाळेत जाणाऱ्या शीख मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गात त्यातल्या शीख रणजीतसारखं “थाउजंड अपॉलॉजीज” म्हणायला लावलं जात असेल, तर त्याला तुमच्यासारखं हसता येणार नव्हतं. विनोद तोच, पण उठून निघून जायची सोय कोणाला आहे यावर पुष्कळ ठरतं. १९७९ साली ती बंद करणारे मायकेल ग्रेड त्याच कंपनीतले अधिकारी होते, बाहेरून कोणी दगड मारले नव्हते.

तरी मी त्या नटांवर रागावू शकत नाही. रणजीत झालेले अल्बर्ट मोझेस मूळचे श्रीलंकेचे, अली झालेले डिनो शफीक ढाक्याचे, जमिला मॅसी यांचा जन्म सिमल्याचा. ही माणसं निदान स्वतःच्या चेहऱ्यानं पडद्यावर आली. त्याच दशकात बीबीसीवर ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ चालू होती. तिच्यात रंगी राम या भारतीय नोकराची भूमिका मायकेल बेट्स तोंडाला रंग लावून करायचे. त्यांचा जन्म झाशीचा, उर्दू सफाईदार. लेखकांनी त्यांची बाजू घेताना हेच सांगितलं, की भाषा येणारा दुसरा नट कुठून आणायचा? पण शफीक त्याच मालिकेत होते, चहावाल्याच्या छोट्या भूमिकेत. भाषा येणारा माणूस दोन हातांवर चहाची किटली घेऊन उभा होता.

मी ॲनिमेशन शिकतोय. माझ्या गोष्टीत दुसऱ्या वंशाचा एक मित्र आहे. साचा होऊ नये म्हणून कसं काढू? कोणी नीट केलंय का? (एक विद्यार्थी)

तुला फ्रँकलिनची गोष्ट सांगते. चार्ली ब्राऊनच्या ‘पीनट्स’ चित्रमालिकेतला. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. अकरा दिवसांनी हॅरिएट ग्लिकमन या कॅलिफोर्नियातल्या शिक्षिकेनं चार्ल्स शुल्झ यांना पत्र लिहिलं, की तुमच्या मुलांत एक काळं मूल असू द्या. शुल्झ बिचकत होते. आपण वरून उपकार केल्यासारखं वाटेल, अशी त्यांना धास्ती होती. ग्लिकमन बाईंनी मग आपल्या ओळखीच्या कृष्णवर्णीय पालकांची पत्रंही पाठवली. ३१ जुलै १९६८ला फ्रँकलिन आला. समुद्रकिनाऱ्यावर चार्ली ब्राऊनचा हरवलेला चेंडू परत देतो, दोघं वाळूचा किल्ला करतात, बोलता बोलता सांगतो की वडील व्हिएतनामला आहेत. बघ, पहिल्याच भेटीत त्याला वडील मिळाले, काळजी मिळाली. कसलंही सोंग नाही, हेल नाही. दोन मुलं आणि वाळू.

आता चुकलं कुठे तेही बघ, कारण शिकायचं तिथेच आहे. १९७३च्या थँक्सगिव्हिंगच्या टीव्ही भागात सगळी मुलं मागच्या अंगणात जेवायला बसतात. टेबलाच्या एका बाजूला मुलं दाटीवाटीनं. समोरच्या बाजूला फ्रँकलिन एकटा, बागेतल्या घडीच्या खुर्चीत. कोणी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. मांडणी करणाऱ्याच्या हातून झालं. पण ती चौकट तयार होताना किती हातांतून गेली असेल, आणि एकालाही ती खुर्ची दिसली नाही. तू मांडणी करशील तेव्हा पात्रांची नावं पुसून फक्त जागा बघत जा. कोण कोणाशेजारी आहे, कोण नेहमी कडेला आहे, कोणाच्या वाट्याला नुसत्या माना डोलावणं आलंय. आणि आवाज, संवाद, कागद यांतल्या एका जागी तरी त्या समाजातला माणूस बसव. केवळ विचारायला नको, ‘हे चालणार नाही’ म्हणायचा हक्क देऊन बसव.

फ्रँकलिनचं आडनाव आर्मस्ट्राँग. ते शुल्झ यांनी रॉब आर्मस्ट्राँग या कृष्णवर्णीय व्यंगचित्रकाराच्या नावावरून घेतलं, त्याला विचारून. २०२४ साली फ्रँकलिनवर स्वतंत्र भाग आला आणि त्याच्या लेखनात हाच आर्मस्ट्राँग होता. त्यात एक प्रसंग आहे. पिझ्झाच्या दुकानात मुलं टेबलाच्या एका बाजूला बसली आहेत, फ्रँकलिन पुन्हा समोर एकटा. लायनसचं लक्ष जातं. तो म्हणतो, इकडे ये, आमच्याकडे जागा आहे. सगळे थोडे थोडे सरकतात.